किमान आठ विद्यार्थी

जन्मली तेव्हा ती वजनाला इतकी कमी भरली, की नर्सनं काटा बिघडला असेल म्हणून तिला दुसऱ्या काट्यावर ठेवून पाहिलं. तेव्हापासून घरात तिचं नाव बारकी पडलं. पुढं ती चांगली उंचीपुरी झाली, वर्गात पहिली यायला लागली, दाराच्या चौकटीला डोकं आपटू लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

घरात माणसं चार. बाबा पाणी शुद्धीकरण केंद्रात पाळीनं कामाला होते. आई दातांच्या डॉक्टरांकडे स्वागताच्या टेबलावर बसायची आणि दाढ दुखणाऱ्या माणसांशी इतकं गोड बोलायची, की घरी आल्यावर गोड बोलायला शिल्लक काही उरायचं नाही. चौथं माणूस आत्या, बाबांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ती विद्यापीठात प्रकाशशास्त्र शिकवायची, म्हणून मुलं पाठीमागं तिला प्रकाशबाई म्हणत.

एकोणीस वर्षं आत्या भौतिकशास्त्र विभागात होती आणि एकोणीस वर्षं तिची नेमणूक वर्षावर्षाची होती. दर उन्हाळ्यात नवं पत्र यायचं, ते ती चष्म्याच्या घरात घडी करून ठेवायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. कायम झालेले लोक लांबलचक रजेवर जात. आत्या तापातही तास घ्यायची.

बारकीनं भौतिकशास्त्राला नाव घातलं तेव्हा आत्यानं चौकटींच्या मोठ्या कागदावर तिच्या चार वर्षांचा आराखडा काढला. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखीच होती: यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, आणि गणित तर पाचवीलाच पुजलेलं. तिसऱ्या वर्षी वाटा फुटत. एक प्रकाशशास्त्राची, दुसरी पदार्थांच्या अभ्यासाची, जिला सगळे मटेरियल्स म्हणत, आणि तिसरी संगणकीय भौतिकीची. ज्याला कुठलीच शाखा मिळाली नाही, त्याच्या पदवीवर नुसतं 'सामान्य' असं लिहून यायचं, आणि तो शब्द वाचून नोकरी देणारे अर्ज बाजूला ठेवायचे. कुठला कोर्स कुठल्याच्या आधी झाला पाहिजे, कुठला वर्षाआड चालतो, कुणाची वेळ कुणाशी टक्कर घेते, हे सगळं आत्याला तोंडपाठ होतं. पेन्सिलीचे बाण काढत ती सांगत गेली आणि बारकी मान हलवत गेली. गणिताचा तिसरा पेपर दुसऱ्या वर्षातच उरकायचा, नाही तर तिसऱ्या वर्षी लेझरची लॅब हुकते. शेवटच्या वर्षी प्रकल्प. सगळे बाण एकाच चौकटीत जाऊन मिळत होते, आणि त्या चौकटीत आत्याचं अक्षर होतं: प्रकाशशास्त्र, विशेष.

बारकीला कुणी विचारलं नव्हतं. पण तिनंही नाही म्हटलं नव्हतं, हेही खरं.

दोन वर्षं सगळं त्या कागदाबरहुकूम झालं. बारकीला गुण भरघोस मिळत होते. मात्र गुण लागले की वर्गात कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचंच, "भाची कुणाची आहे?" आत्यानं तिचा एकही पेपर कधी तपासला नव्हता, तो दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे जायचा. हे बारकीनं सुरुवातीला चारदोघांना समजावून सांगितलं. नंतर सांगणं सोडलं. समजावणाऱ्याकडे लोक आणखीच संशयानं पाहतात, हे तिला कळून चुकलं.

तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर विभागात एक परिपत्रक लागलं. ज्या कोर्सला किमान आठ विद्यार्थी नसतील, तो यंदा चालणार नाही, आणि ज्या शाखेचा पहिलाच कोर्स चालणार नाही, ती शाखा त्या तुकडीपुरती बंद. मटेरियल्सला पंचवीस जागा होत्या आणि अर्ज चाळीस. संगणकवाल्यांकडेही रांग होती. प्रकाशशास्त्राला नावं आली तीन, त्यातलं एक बारकीचं.

आत्या घरी काही बोलली नाही. फक्त त्या आठवड्यात ती लॅबमधली भिंगं घरी घेऊन आली आणि रोज संध्याकाळी एकेक पुसत बसली. आई स्वयंपाकघरातून बाबांना म्हणाली, की पुसून पुसून झिजतील ती. बाबा म्हणाले, तिचा कोर्स बुडाला तर तिला यंदा पत्र येणार नाही. बारकी तिथंच भाजी चिरत होती. ते तिला ऐकू जावं म्हणूनच बोललं गेलं असावं.

मग बारकी कामाला लागली. तिच्या अंगात एवढं वकिली बोलणं आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. गणिताला घाबरणाऱ्यांना तिनं सांगितलं, की प्रकाशशास्त्रात गणित कमी. ज्यांना गणित आवडायचं त्यांना सांगितलं, की खरं गणित तिथंच आहे. मटेरियल्सच्या यादीत खाली अडकलेल्यांना सांगितलं, की तिथं थांबून वर्ष घालवू नका. दोघांना तिनं कॅन्टीनमध्ये तीन दिवस धरून बसवलं आणि चौथ्या दिवशी गळी उतरवलं. आठवं नाव दांडीबहाद्दरचं. हा मुलगा तासाला दिसला तर शिक्षक घड्याळ तपासून पाहायचे. त्यानं एकच प्रश्न विचारला, हजेरी किती लागते. बारकीनं सांगितलं, की बाई हजेरीबाबत कडक नाहीत. हे धडधडीत खोटं होतं.

नववं नाव वहीवालीचं, आणि ते मिळवणं सगळ्यांत अवघड गेलं.

वहीवाली पहिल्या दिवसापासून बारकीच्या शेजारी बसायची. तिच्या वह्यांच्या प्रती काढून निम्मा वर्ग पास व्हायचा, म्हणून ते नाव. तिच्या गावाजवळ सूक्ष्मदर्शक आणि मोजमापाची उपकरणं बनवणारा एक कारखाना होता. तिचे वडील तिथं वीस वर्षं खोकी भरण्याच्या कामाला होते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत माणसं घेत ती मटेरियल्स किंवा प्रकाशशास्त्र विशेष असलेली, तिसरी भानगड नाही. वहीवालीनं पहिल्या वर्षीच चौकशी करून मटेरियल्स पक्कं केलं होतं, आणि पंचविसांत तिचा नंबर अकरावा लागलाही होता. जागा हातात होती. बारकी तिला म्हणाली, की दोन्हींपैकी काहीही चालतं ना, मग चल माझ्याबरोबर, शेवटच्या वर्षी प्रकल्प जोडीनं करू. वहीवाली दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेली, मटेरियल्सची जागा सोडली आणि प्रकाशशास्त्रात नाव घातलं. तिची जागा तासाभरात प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्याला गेली.

सूचनाफलकावर नऊ नावांची यादी लागली तेव्हा आत्यानं ती दोनदा वाचली. त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांसाठी बाहेरून जेवण मागवलं, जे ती वर्षातून एखाद्या वेळी करायची, आणि जेवताना लेझरच्या लॅबमध्ये यंदा काय नवं करायचं ते तासभर बोलत राहिली. आईनं खुणेनं बारकीला शाबासकी दिली.

सत्र सुरू झालं. कोर्स बदलायला दोन आठवड्यांची मुदत होती, दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत.

त्या गुरुवारी विभागप्रमुखांनी बारकीला खोलीत बोलावलं. ते संगणकवाल्यांपैकी होते. पहिल्या दोन वर्षांतलं तिचं काम त्यांनी पाहिलं होतं, विशेषतः उष्मागतिकीच्या तासाला तिनं लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संशोधन संस्थेत उन्हाळ्यासाठी एका विद्यार्थ्याला पाठवायचं होतं, आणि तिथं नीट काम केलं तर पुढचं शिक्षण तिथंच, अशी सोय होती. अट एकच. संगणकीय पद्धतींचा कोर्स याच सत्रात झाला पाहिजे. तो मंगळवार-गुरुवारी अकराला असायचा. आत्याचा कोर्सही मंगळवार-गुरुवारी अकरालाच.

"तुझ्यासाठी म्हणून एक जागा ठेवली आहे," प्रमुख म्हणाले. "तुझ्या कामावर दिली आहे. कुणाची कोण म्हणून नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं, तर कदाचित सगळं निराळं झालं असतं. बारकी बाहेर आली ती थेट जिन्याखाली जाऊन बसली. दोन वर्षं जे ऐकायला ती आसुसली होती ते कुणीतरी समोर बसून, सरळ तोंडावर म्हटलं होतं. आणि मग आणखी एक गोष्ट होती, जी तिनं स्वतःशीही कधी नीट कबूल केली नव्हती. भिंगं, आरसे, काळ्या पडद्याच्या खोलीत तासन्‌तास डोळे ताणून प्रकाशाचे पट्टे मोजत बसणं, हे तिला कधी फारसं आवडलंच नव्हतं. प्रोग्राम लिहिताना मात्र तिला जेवणाची आठवण राहायची नाही.

घरी ती काही बोलली नाही. शुक्रवारी सकाळी सूचनाफलकापाशी जाऊन तिनं यादी पाहिली. नऊ नावं. नऊतून एक गेलं तर आठ राहतात, कोर्स चालतो, आत्याला पत्र येतं, वहीवालीची शाखा राहते. कुणाचं काही बिघडत नाही. आत्याला वाईट वाटेल, पण ते तर वाटायचंच होतं कधीतरी. असं सगळं मनाशी जुळवून तिनं फॉर्म भरला, प्रमुखांची सही घेतली आणि तरीही तो फॉर्म दुपारपर्यंत पिशवीत घेऊन हिंडत राहिली. कार्यालयाच्या खिडकीशी ती पोचली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चारला अकरा मिनिटं कमी होती.

खिडकीत कारकूनबाई होत्या. विभागातली प्रत्येक नोंद त्यांच्या हातून जायची आणि प्रत्येक मुलाचं नाव त्यांना माहीत होतं. त्यांनी फॉर्म वाचला, रजिस्टर ओढलं, पान उलटलं आणि पेनचं टोपण परत लावलं.

"अगं, जेवणाच्या सुट्टीत तो दांडीवाला नाव काढून गेला," त्या म्हणाल्या. "लॅब सकाळी आठला आहे हे त्याला आज कळलं. आठच उरलेत. तुझा घेतला तर सात होतील."

त्यांनी फॉर्म दोघींच्या मधे धरला.

"घेऊ की परत देऊ?"

बारकीनं घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटांत कुणाला गाठता आलं असतं का, दांडीबहाद्दरला फोन लावता आला असता का, प्रमुखांकडे जाऊन सोमवारपर्यंत मुदत मागता आली असती का, हे सगळे विचार तिच्या डोक्यात नंतर आले. तेव्हा एकच आला, की फॉर्म परत घेतला तर तो पुन्हा द्यायला आपण कधीच येणार नाही.

"घ्या," ती म्हणाली.

"नक्की ना? मी शिक्का मारला की झालं."

"घ्या ना बाई."

शिक्का बसला.

घरी त्याच संध्याकाळी तिनं आत्याला सांगितलं. कोर्स सोडला, संस्थेची जागा मिळाली. आत्यानं पहिलाच प्रश्न विचारला, की किती उरले. बारकी म्हणाली, "सकाळी यादीत नऊ होते." शब्दाशब्दानं खरं होतं ते. आत्यानं बोटांवर मोजल्यासारखं केलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाली, की मग हरकत नाही, आठ आहेत, चालेल. नंतर ती उठून बारकीपाशी आली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, की मला आधी सांगितलं असतंस तरी मी अडवलं नसतं. बारकीला ते ऐकवेना. ती पाणी प्यायला म्हणून उठली.

सोमवारी फलकावर कागद लागला: विद्यार्थीसंख्या सात, कोर्स रद्द, शाखा यंदा बंद. उरलेल्या सात जणांना जिथं जागा असतील तिथं घालण्यात येईल. मटेरियल्समध्ये जागा नव्हती. संगणकाकडेही नव्हती, शेवटची बारकीनं घेतली होती.

वहीवाली फलकासमोर उभी होती. बारकी मागून आली आणि तिनं तोंडावर हात नेला. तो हात आपोआप गेला की तिनं नेला, हे तिला पुढं कितीही आठवून कळलं नाही. ती म्हणाली, की सकाळी नऊ होते गं, मी मोजून पाहिलं होतं. कुणीतरी बातमी आणली, की दांडीबहाद्दरनं शुक्रवारीच नाव काढलं. मग सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. सकाळी लवकर उठायला नको म्हणून या हरामखोरानं एक शाखा बुडवली, असं जो तो म्हणू लागला. तो बिचारा कधी नव्हे तो त्या दिवशी तासाला आला होता.

वहीवाली कुणावर तुटून पडली नाही. ती आठवडाभर कार्यालयाच्या फेऱ्या मारत राहिली, मटेरियल्सच्या शिक्षकांच्या खोलीबाहेर बाकावर बसत राहिली. पंचविसाचे सव्वीस करायला कुणी तयार झालं नाही. शेवटी तिला सामान्य पदवीत घातलं. त्या दिवशी ती बारकीला भेटली तेव्हा तिच्या हातात वही नव्हती.

"तू विचारलंस तेव्हा मी एका रात्रीत हो म्हटलं," ती म्हणाली. "तुला माहीत आहे, मी पेन घ्यायचं तरी चार दुकानं हिंडते."

बारकी म्हणाली, की तो असा ऐनवेळी जाईल हे कुणाला माहीत होतं.

"त्याचं सोड. त्याला मी ओळखतच नव्हते," वहीवाली म्हणाली आणि पुढच्या तासापासून दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

घरी बाबांचा पारा चढला होता. रागावले की ते हळू बोलत, आणि त्या दिवशी ते इतकं हळू बोलत होते की टीव्ही बंद करावा लागला. ज्या माणसानं तुला हाताला धरून इथवर आणलं, असं काहीतरी ते सुरू करत होते, तेवढ्यात आत्यानंच त्यांना थांबवलं. "दादा, तिनं मोजून पाहिलं होतं," आत्या म्हणाली. "नऊ होते. तिचा काय दोष?" आईनं बारकीच्या ताटात वाढलं. बारकी जेवली. घास उतरत होता, याचंच तिला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी दांडीबहाद्दर घरी आला. पत्ता त्यानं कुठून मिळवला कुणास ठाऊक. दाराशी उभा राहून तो आत्याची क्षमा मागत होता, आतल्या खोलीत बारकीला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणत होता, की मला वाटलं नऊ आहेत, एक गेल्यानं काय होतंय. मला कळलं असतं तर मी आठला काय, सहाला आलो असतो, बाई. आत्यानं त्याला आत बोलावलं, चहा दिला. त्याच्यासारख्या मुलांना सकाळचा कोर्स कुणी देऊच नये, असं म्हणून त्याला हसवायचाही प्रयत्न केला. तो हसला नाही. जाताना म्हणाला, "तिलाही सांगा. सगळा वर्ग तुटून पडला, पण ती मला काही बोलली नाही."

बारकीनं दाराची कडी आतून लावून घेतली होती. बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. दार उघडायला हात पुढं झालाही, पण तोवर तो जिना उतरून गेला होता. आणि जिना काही फार मोठा नव्हता, धावली असती तर गाठता आला असता.

उन्हाळ्यात आत्याला पत्र आलं नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीची विल्हेवाट एका दिवसात लागली: लॅबच्या किल्ल्या, ग्रंथालयाची पुस्तकं, आणि येणं-देणं काही नाही असा शिक्का मारलेला एक कागद. त्याच आठवड्यात बारकी संस्थेत गेली आणि दोन महिने तिथं मान मोडून काम केलं. परत आली तेव्हा आत्या बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला लागली होती. तीन महिन्यांचं प्रशिक्षण तिनं पाच आठवड्यांत उरकलं होतं. मालक वयानं तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता आणि तिला 'ओ मावशी' म्हणायचा. घरी आत्या पूर्वीसारखीच होती. फक्त बारकीला आता ती अभ्यासाचं काही विचारत नसे. बारकीला वाटलं, विषय वेगळा पडला, म्हणून असेल.

शेवटचं वर्षही गेलं. बारकी पहिली आली, आणि या वेळी भाची कुणाची, असं कुणी म्हणालं नाही. वहीवालीला तिच्या गावच्या कारखान्यात मुलाखतीलाही बोलावलं नाही. ती एका शिकवणीवर्गात लहान मुलांना गणित शिकवायला लागल्याचं कुणीतरी सांगितलं. बारकीनं तिला लांबलचक संदेश लिहिला होता, तीनदा खोडून चौथ्यांदा पाठवला. उत्तर आलं, 'अभिनंदन.'

पदवीचे कागद घ्यायला बारकी खिडकीशी गेली, तेव्हा कारकूनबाईंनी तिला तोंड भरून आशीर्वाद दिला आणि आत्याची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की किल्ल्या द्यायला बाई आल्या होत्या ना गेल्या वर्षी, तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगितलं त्यांना, पोरीला दोष देऊ नका. मी सात होतील म्हटल्यावर ती अशी पांढरीफटक पडली होती. दोनदा विचारलं मी तिला. तिचाही जीव खालीवर झाला असणार.

बाईंनी ते अगदी मायेनं सांगितलं. बारकी कागद हातात घेऊन उभी राहिली. गेल्या वर्षी, म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. त्या वर्षात बाबांनी निदान चार वेळा तो विषय काढला होता, एकदा तर पाहुण्यांसमोर, आणि चारही वेळा आत्या म्हणाली होती, "नऊ होते, दादा. तिला काय स्वप्न पडलं होतं?"

संस्थेत कायमचं राहायला जाण्याआधी बारकीचं डोकं दुखायला लागलं. संगणकाच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहून डोळ्यांवर ताण आला असेल, आत्याकडे जाऊन नंबर काढून घे, असं आई म्हणाली. बारकीनं आज-उद्या करत दोन आठवडे काढले. शेवटी निघण्याच्या चार दिवस आधी बाबांनीच तिला दुकानाच्या दारात सोडलं.

तपासायची खोली म्हणजे दुकानाच्या मागं पडदा लावून केलेली अरुंद बोळच होती. एका टोकाला अक्षरांचा उजळ तक्ता, दुसऱ्या टोकाला खुर्ची. आत्यानं पांढरा कोट घातला होता, कोपरांवर तो चुरगळला होता. तिनं बारकीच्या नाकावर रिकामी जड चौकट बसवली आणि एकेक भिंग घालून विचारू लागली, हे स्पष्ट की हे. बारकी सांगत गेली. पहिलं. दुसरं. सारखंच. आत्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता, पण भिंगांमधून तो नीट दिसत नव्हता.

"कारकूनबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?" आत्यानं विचारलं. आवाज तोच, भिंगं बदलतानाचा.

बारकीच्या हाताखाली खुर्चीचं रेक्झिन ओलं झालं. "यादीत नऊ होते, आत्या."

"ते मी दादाला सांगते. तुला विचारतेय."

पडद्यापलीकडे मालक कुणाला तरी चौकटींचे भाव सांगत होता. तीनच शब्द होते, 'घ्या ना बाई'. पुढं काय झालं असतं ते बारकीला दिसत होतं: आत्या रागावली नसती, बाबांना सांगितलं नसतं, बहुधा डोक्यावर हातच ठेवला असता. तेच तिला नको होतं. तो हात पुन्हा डोक्यावर आला असता, तर तिला या खुर्चीतून उठता आलं नसतं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

दोन बोटांत धरलेलं भिंग आत्यानं कोटाला पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "खालची ओळ वाच."

बारकीनं वाचली. एक अक्षर चुकलं. आत्यानं भिंग बदललं, तिनं पुन्हा वाचली, या वेळी बरोबर आली. आत्यानं कागदावर नंबर लिहिला, खाली तारीख घातली आणि मालकाला हाक मारून सांगितलं, की या बाईंना चौकटी दाखवा.

चष्मा दोन दिवसांनी बाबांच्या हाती घरी आला. आत्याला त्या आठवड्यात दुकानात फार काम होतं. बारकी निघाली त्या सकाळीही ती लवकर गेली होती. नंबर अचूक होता. नव्या गावी चार दिवसांत बारकीचं डोकं दुखायचं थांबलं. तिनं घरी फोन करून तसं कळवलं. बाबा खूश होऊन म्हणाले, आत्याला सांगतो, तिला बरं वाटेल. आत्या काही म्हणाली का, हे विचारायला बारकीनं तोंड उघडलं, पण तोवर बाबांनी फोन आईकडे दिला होता, आणि आई तिथल्या खोलीचं भाडं किती, खिडकी कुठल्या बाजूला, हे विचारायला लागली होती.